सड्याबद्दल विचारले जाणारे प्रश्न: रत्नागिरी-राजापूरचा कातळ, गवत, पाणी आणि चित्रं

सडा म्हणजे नेमकं काय?

रत्नागिरी, लांजा, राजापूर आणि पुढे देवगड-मालवणपर्यंत कुठल्याही गावात खालून पाखाडी चढत वर आलात की दम लागायच्या सुमारास जमीन एकदम सपाट होते. जांभ्याचा, म्हणजे तांबड्या जाळीदार दगडाचा उघडा कातळ, त्याच्या खाचाखोचांत वीतभर माती, गवत, अधूनमधून करवंदीची जाळी आणि चहूबाजूंनी आभाळ. हाच सडा. समुद्रसपाटीपासून तो बहुतेक ठिकाणी शंभर-दीडशे मीटरच असेल, पण वर उभं राहिलं की एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला सह्याद्रीची रांग दिसते.

गाव सड्यावर नसतं. वाड्या उतारावर असतात, जिथे झरे फुटतात तिथे. भातखाचरं त्याखाली वहाळाच्या कडेला, आणि सगळ्यात खाली खाडी. सड्यावर कोणी राहत नाही म्हणून तो कोणाच्या उपयोगाचा नाही, असा हिशेब बाहेरचे लोक करतात. गावातल्या माणसाला विचारलं तर तो गुरं, गवत, पाणी आणि पालखीची वाट, सगळं सड्याच्या खात्यावर मांडेल.

हा दगड लाल का? घाटावर तर काळा कातळ असतो.

मुळात दोन्ही एकच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून दख्खनचा काळा बेसाल्ट तयार झाला. पुढे उष्ण हवा आणि भरपूर पाऊस यांत तो लाखो वर्षं कुजत गेला. पावसाचं पाणी दगडातली वाळूची द्रव्यं, चुना, सोडा असलं सगळं विरघळवून घेऊन गेलं, आणि न विरघळणारी लोखंडाची आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. तांबडा रंग त्या लोखंडाचा. म्हणून जांभा भोकाभोकांचा असतो, आणि जमिनीतून ताजा काढला तर कापण्याइतका मऊ लागतो. हवा-ऊन लागलं की कडक होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात फिरताना हा दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि १८०७ साली वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिलं. कोकणातला माणूस तोवर कित्येक पिढ्या त्याच दगडाचे चिरे रचून घरं बांधत होता.

पाचगणीचं टेबललँड, कासचं पठार यांच्यावरही जांभाच आहे, पण तो बाराशे-तेराशे मीटर उंचीवरचा. आपला सडा त्याचा बुटका भाऊ. पाऊस दोघांनाही झोडपतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

सड्यावर झाडं का नाहीत? तोडली का?

काही तोडली, हे खरं. उताराच्या वरच्या कडेला पूर्वी किती दाट रान असेल याचा अंदाज देवराया पाहून येतो. पण मधल्या उघड्या कातळावर झाडं नव्हतीच. मुळं जाणार कुठे? जिथे माती आहे तिथे ती चार बोटं. जुलैत ती पाण्याखाली असते आणि मार्चमध्ये भाकरीच्या तव्यासारखी तापते. दोन्ही टोकं सोसणारी झाडं कमीच, म्हणून इथे गवताचं आणि चार महिन्यांत आयुष्य उरकणाऱ्या रोपांचं राज्य.

मग वृक्षारोपण केलं तर चांगलंच ना?

नाही. दरवर्षी जुलैत एखादी संस्था बॅनर आणि रोपं घेऊन येते, खड्डे खणते, फोटो काढते. उतारावर, वहाळाच्या काठाला, उजाड झालेल्या रानात झाडं जरूर लावावीत. उघड्या सड्यावर लावली तर बहुतेक मेमध्ये मरतात, आणि ऑस्ट्रेलियन अकेशियासारखी जगणारी जात लावली तर खालचं गवत मरतं. झाडाविरुद्ध बोलणं आजकाल अवघड झालंय, पण सड्याच्या बाबतीत बोलावं लागतं.

मी मेमध्ये आलो होतो. सगळं करपलेलं होतं. यात बघण्यासारखं काय?

मुंबईत नोकरी करणारा चाकरमानी गावी येतो तो मेमध्ये, आंब्याला. सरकारी पाहणीही बहुधा कोरड्या दिवसांत होते. सड्याची बदनामी या तारखांमुळे झाली आहे.

पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की कातळाच्या भेगांतून दिपकाडी वर येते. कांद्यासारखा कंद, एक सरळ दांडा आणि त्यावर पांढरी शुभ्र फुलं. ही जात कोकणच्या सड्यांची. जगात दुसरीकडे ती अशी उगवत नाही. तिचा बहर थोड्या दिवसांचा. जूनच्या मध्यावर ज्याला वेळ काढता येईल त्यालाच ती दिसते.

जुलैत गवत वाढतं, खळग्यांत तळी साचतात आणि रात्री बेडकांच्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. खरा रंग भाद्रपदातला. पाणथळ कातळावर सीतेच्या आसवांची जांभळी-निळी चादर, तिच्यात गेंदाच्या पांढऱ्या टाचण्या, कडेला कवल्याची पिवळी फुलं आणि उताराला गुलाबी तेरडा, ज्याची गौर करतात. सीतेची आसवं दिसायला नाजूक, पण मांसाहारी. या मातीत नत्र जवळजवळ नाही, म्हणून हे रोप पाण्यातले सूक्ष्म जीव मातीतल्या इवल्या पिशव्यांत ओढून घेतं आणि पचवतं. दवबिंदू नावाचं दुसरं रोप तेच काम पानांवरच्या चिकट थेंबांनी करतं. गुडघ्यावर बसल्याशिवाय यातलं काही दिसत नाही. गाडीच्या काचेतून तर मुळीच नाही.

दसऱ्यानंतर गवत सोनेरी होतं. कुसळं पायजम्याला टोचायला लागली की फुलांचा हंगाम संपला असं समजावं.

सड्यावर राहणारं जनावर कोणतं?

बिबट्या, कोल्हा, रानडुक्कर ये-जा करतात. टिटव्या आणि चंडोल उघड्यावर अंडी घालतात. पण सड्याची खास वस्ती सुट्या दगडांखाली. अंगावर पांढरे पट्टे असलेली एक छोटी जमिनीवरची पाल इथे असते; ती झाडावर किंवा घरात राहत नाही, दिवसभर दगडाखाली आणि रात्री कातळावर. रत्नागिरीच्या सड्यांवर अलीकडे झालेल्या अभ्यासात दिसलं की कातळ फोडून बाग किंवा भातखाचर केलं की ही पाल आणि काही बेडूक कमी होतात. कारण उघड आहे. बाग करताना पहिलं काम काय, तर सुटे दगड उचलून गडगा, म्हणजे दगडी कुंपण घालणं.

सडा कोणाच्या मालकीचा? सरकारी की गावाचा?

इथे घाटावरचे वाचक गोंधळतात. त्यांच्याकडे गायरान असतं, सरकारी, सातबाऱ्यावर तसं लिहिलेलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात सरकारी जमीन फार थोडी. बहुतेक सडा कागदोपत्री खासगी आहे. पूर्वी गावं सारा वसूल करणाऱ्या खोतांकडे होती. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, कूळकायद्याने जमिनी कुळांच्या नावावर आल्या आणि भातजमिनीबरोबर वरकस जमिनीही वाटल्या गेल्या. वरकस म्हणजे नाचणी-वरी, गवत आणि राबासाठी (भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायला) पालापाचोळा देणारी हलकी जमीन. सड्याचा बराच भाग त्यात मोडतो किंवा पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीत.

पुढे वाटण्या झाल्या नाहीत. एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असतात, त्यातली निम्मी परळ-लालबागला, काही वारलेली, काहींचे वारस कोणाला ठाऊक नाहीत. मालकी अशी गुंतलेली, पण वहिवाट मात्र सरळ होती: गुरं कोणाचीही असोत, सड्यावर चरायची, गवत ज्याने त्याने आपापल्या हद्दीत कापायचं, तळ्याचं पाणी सगळ्यांचं, पालखी जाते ती वाट कोणी अडवायची नाही. कायद्याने खासगी आणि वापराने सामाईक. हे लिहिलेलं कुठेच नाही, आणि म्हणूनच विकत घेणाऱ्याला ते दिसत नाही. खरेदीखत झालं, तारेचं कुंपण पडलं, आणि गुराख्याला वाट बंद झाल्यावरच आपला हक्क कागदावर नव्हता हे कळतं.

गुरांना पावसातच सड्यावर का नेत?

कारण तेव्हा खाली भात उभं असतं. आषाढापासून कापणीपर्यंत गुरं खाचरात शिरली तर भांडणं ठरलेली. सड्यावर त्याच वेळी हिरवं गवत आणि पाणी दोन्ही असतं. म्हणजे भातशेती शक्य व्हायची ती सड्यामुळे. दिवाळीच्या सुमारास गवत कापून भारे खाली यायचे, उडव्या रचल्या जायच्या, घरं-गोठे शाकारले जायचे, आंब्याच्या अढीतही तेच. शेण पुन्हा खाचरात.

आता गुरं उरली नाहीत. दूध पिशवीतून येतं, नांगरट पॉवर टिलरने होते, तरुण मुंबईत. कुळथाच्या पिठल्याबरोबर घरचं ताक मिळणारी घरं बोटांवर मोजावीत.

वणवे कोण लावतं, आणि का?

थोडी आग पूर्वीपासून लावत. राब भाजणं हा भातशेतीचा भाग होता, आणि बांधावरचं वाळकं गवत पेटवून टाकणं हीसुद्धा रीत. फरक असा की तेव्हा गवत कापलेलं आणि चरलेलं असायचं, त्यामुळे आग लवकर विझायची. आता ते कमरेएवढं उभं वाळतं. फेब्रुवारी-मार्चात कोणी बिडी टाकली, कोणी शिकारीसाठी पेटवलं, तर वारा घेऊन आग थेट कलमांच्या बागेत जाते. मोहोरलेली कलमं एका दुपारी होरपळतात. बागायतदार गुराख्याला शिव्या देतो, पण गुरं चरत होती तेव्हा हा धोका कमी होता हे त्यालाही माहीत असतं. दसऱ्यानंतर गवत कापणं आणि बागेभोवती जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी काढणं, यापेक्षा वेगळा उपाय नाही.

सड्याचा आणि विहिरीच्या पाण्याचा काय संबंध?

जांभा जाळीदार असल्याने पाऊस त्यातून खाली मुरतो. जांभ्याखाली मऊ, चिकणमातीसारखा थर असतो. पाणी त्यातून सहज उतरत नाही, मग आडवं सरकत उताराला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. वाड्या उतारावर का वसल्या याचं उत्तर इथे आहे, आणि पोफळीच्या बागांना पाटाचं पाणी कुठून येतं याचंही. सड्यावर चिरेखाण खोल गेली किंवा मोठा भाग सपाट करून काँक्रीट झालं की खालच्या झऱ्यांची तब्येत बिघडते. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात एप्रिलमध्ये टँकर का येतो, असं विचारणाऱ्यांनी एकदा वर चढून पाहावं.

कातळावरची चित्रं कोणी कोरली? पांडवांनी?

पांडव कोकणात एका रात्रीत बरीच बांधकामं करून गेले अशी समजूत आहे, त्यात ही चित्रंही आली. गुराख्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. कुठे त्यांना देव मानलं, कुठे त्यांच्यावर भाताची मळणी घातली. राजापूर तालुक्यात देवीहसोळला चित्र देवळाजवळच आहे आणि देवीच्या उत्सवाशी जोडलेलं आहे. मालवण तालुक्यातल्या कुडोपीची जागा गावात ‘बावल्यांचं टेंब’ म्हणून ओळखली जाते.

पद्धतशीर शोध अलीकडचा. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दीड दशकात गावोगावी गुराख्यांना, म्हाताऱ्यांना विचारत सडे पालथे घातले. रत्नागिरी, राजापूर, लांजा तालुक्यांत मिळून हजाराहून जास्त चित्रं आता नोंदली गेली आहेत. राज्याच्या पुरातत्त्व विभागानेही त्यांवर काम केलं. या शोधाचं श्रेय देताना वाट दाखवणाऱ्या गुराख्यांची नावं सहसा येत नाहीत, ही माझी तक्रार नोंदवून ठेवतो.

चित्रांत काय आहे? हत्ती, वाघ, हरणं, डुक्कर, मोर, शार्क आणि वागळीसारखे मासे, कासव, माणसं आणि अर्थ न लागणाऱ्या भौमितिक चौकटी. काही ठिकाणी गेंडा आहे, आणि अभ्यासकांच्या मते पाणघोडाही. हे दोन्ही प्राणी आज कोकणात नाहीत, पाणघोडा तर भारतातूनच केव्हाचा नामशेष झाला. उलट नांगर, बैल, धान्य असं शेतीचं काही नाही. यावरून ही शिकार आणि मासेमारीवर जगणाऱ्या माणसांची कामं असावीत आणि दहा हजार वर्षांच्या आसपास जुनी असावीत, असं अभ्यासक मानतात. कोरलेल्या रेषेचं वय थेट मोजता येत नाही, म्हणून या आकड्याला मी अंदाजच म्हणेन. एवढं नक्की की ती कोरणाऱ्यांनी सडाच निवडला. सपाट, उघडा आणि कोरता येण्याइतका मऊ असा दुसरा फळा त्यांना कोकणात मिळाला नसता.

कुठली चित्रं आधी पाहावीत?

एकच पाहणार असाल तर कशेळी. अठरा मीटर लांब, तेरा मीटर रुंद हत्ती, आणि त्याच्या पोटात डझनावारी दुसरे प्राणी. जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावत नाही. कडेने चालत जावं तसे सोंड, पाय, पाठ उलगडत जातात. उक्षीचा हत्ती बघायला सोपा आहे, गावाने पुढाकार घेऊन त्याभोवती कठडा घातला. बारसूच्या सड्यावर दोन्ही बाजूंना वाघ आणि मध्ये माणूस असं चित्र आहे, जे पाहून अनेकांना सिंधू संस्कृतीतली मुद्रा आठवते. देवाचे गोठणे इथे होकायंत्र घेऊन जा. माणसाच्या आकृतीजवळ सुई भरकटते. चमत्कार नाही, जांभ्यातल्या लोखंडाचा खेळ आहे, पण पोरांना मजा येते.

या चार आणि जांभरुण, रुंढे तळी, कुडोपी, गोव्यातलं फणसमाळ अशा नऊ ठिकाणांचा ‘कोकणातली कातळशिल्पं’ म्हणून २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. देवीहसोळही या नवांतलंच. फणसमाळचं काम कुशावती नदीच्या काठच्या जांभ्यावर आहे, सड्यावर नाही. तरी घराणं तेच.

संभाव्य यादीत आलं म्हणजे संरक्षण मिळालं का?

नाही. संभाव्य यादी म्हणजे रांगेत नाव लागलं एवढंच. पश्चिम घाटाच्या ३९ जागांना २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात कास आहे. तिथे आता तिकीट, वाहनतळ सगळं आहे. कोकणच्या सड्याला यातलं काही नाही, आणि तिकिटाची गरज आहे असंही मला वाटत नाही.

चिरेखाणी आणि हापूसच्या बागा यांना विरोध का? गावाला पैसा त्यातूनच मिळतो.

खरं आहे. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने कोकणात आंबा-काजू उभा केला आणि कित्येक घरं सावरली. कातळात सुरुंग लावून खड्डा पाडायचा, बाहेरून माती आणून भरायची आणि कलम लावायचं, हे धाडसाचं आणि कष्टाचं काम आहे. चिराही लागतोच, माझं घर चिऱ्याचंच आहे. हरकत आहे ती मोजमाप न ठेवण्याला. एक बाग, एक खाण सडा पचवतो. डोंगराएवढा सलग कातळ बुलडोझरखाली गेला की परत येत नाही, कारण तो बनायला लागलेला काळ वर सांगितलाच आहे. चित्रं असलेल्या जागेवर खाण लागून ती गेल्याचे प्रकार झाले आहेत. खाणवाल्याला खाली काय होतं ते कळलंही नसेल.

मोठे प्रकल्प नेमके सड्यावरच का येतात?

सपाट जागा, जवळ समुद्र, वर वस्ती नाही, आणि सरकारी नकाशात ‘ओसाड’ किंवा ‘पडीक’ असा शेरा. जैतापूरच्या अणुप्रकल्पासाठी घेतलेला मोठा भाग माडबनचा सडा आहे. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचं भूसंपादन लोकांच्या विरोधामुळे २०१९ मध्ये रद्द झालं. पुढे बारसू-सोलगावचं नाव आलं आणि एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या माती परीक्षणाच्या वेळी सड्यावर मोठं आंदोलन झालं. उन्हात कातळावर बसलेल्या बायकांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. प्रकल्प हवा की नको यावर एकाच घरात दोन मतं आहेत, आणि दोन्ही बाजूंचे मुद्दे ऐकण्यासारखे आहेत. पण ‘तिथे काहीच नाही’ हा मुद्दा खोटा आहे.

साप-विंचवाची भीती किती?

आहे, आणि ती लपवणार नाही. फुरसं हा छोटा विषारी साप या कातळाचा जुना रहिवासी. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने रत्नागिरीत फुरसं मारण्याला इनाम लावलं आणि लोकांनी लाखांनी फुरशी मारून आणली, तरी ती संपली नाहीत. दगड हाताने उलटू नका. घोट्यावर येणारे बूट घाला, अंधारात विजेरी वापरा. चावलं तर मांत्रिकाकडे न जाता सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिविष फुरशावरही चालतं. लाल विंचवाचा डंख पूर्वी कोकणात जीव घ्यायचा. महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं, आणि मृत्यूंचं प्रमाण खूप खाली आलं.

गाडी थेट सड्यावर नेली तर चालेल?

नको. पावसाळ्यात चाकाखाली दिपकाडीचे कंद आणि बेडकांची तळी जातात, बाकीच्या दिवसांत एखादी कोरलेली रेषा. चित्रावर बूट घालून उभं राहू नका, ठसठशीत फोटोसाठी रेषांत खडू किंवा चुना भरू नका, वर पाणी ओतायचं असेल तर तेवढं चालतं. गाडी वाडीत ठेवा आणि ज्याच्या अंगणात ठेवाल त्याला आधी विचारा. वाट दाखवायला कोणी सोबत आलं तर त्याच्या दुपारचे पैसे द्या. सड्यावर सावली नाही, तेव्हा सकाळी नऊच्या आत वर पोचा आणि प्यायचं पाणी खालून घेऊन जा.